डिफरन्शियलचा रेशो बदलावा का? ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

माझी गाडी १९९४ची माझदा मियाटा. इंजिन १.८ लिटरचं, गिअर पाच, मागची चाकं ओढणारी. राहतो कॅलिफोर्नियात, आणि वर्षातून चार-पाच वेळा ती लगुना सेकाच्या रेस ट्रॅकवर घेऊन जातो. कोल्हापूरला काकांचं ट्रकचं गॅरेज होतं, त्यामुळे क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं लहान चाक, पहिल्यांदा पाहिलं ते दहा वर्षांचा असताना, रॉकेलच्या घमेल्यात. ओळखीतले लोक गाडी ट्रॅकवर न्यायला लागले की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनची ओढ दोन चाकांत वाटणाऱ्या डब्याचा, रेशो बदलावा का हाच विषय काढतात. दर वेळी तेच टाइप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. आकडे माझ्या गाडीचे आहेत. तुमचे वेगळे असतील, पण हिशोब तोच.

रेशो म्हणजे नेमकं काय?

क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागायचं. माझ्या गाडीत क्राऊनला ४१ दात, पिनियनला १०, म्हणून ४.१०. म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट ४.१ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं.

काकांच्या गॅरेजात असे दशांश कुणी काढत नसे. ट्रकच्या क्राऊन-पिनियनला सरळ दातांच्या आकड्यांनी हाक मारायची, ‘सहा-एक्केचाळीस’ नाहीतर ‘सात-एक्केचाळीस’. घाटात भरलेला ट्रक चढवायचा तर सहा-एक्केचाळीस, सपाट हायवेवर पळवायचा तर सात-एक्केचाळीस. ६.८३ आणि ५.८६ हे त्याचंच इंजिनिअरी रूप. ट्रॅकवरच्या गाडीचा प्रश्नही शेवटी इतकाच आहे, की घाट किती आणि सपाट किती.

४.३० हा ‘मोठा’ रेशो की ‘लहान’?

यावरून फोनवर निम्मी भांडणं होतात. आकडा मोठा असेल तर गिअर आखूड होतात, म्हणजे लवकर संपतात, पण जोरात ओढतात. आकडा लहान असेल तर गिअर लांब होतात. मी ‘आखूड’ आणि ‘लांब’ एवढेच शब्द वापरतो. पार्ट मागवताना तर आकडाच सांगा. ‘मोठा पाठव’ म्हणालात तर काय येईल याचा नेम नाही.

४.००, ४.५० असे सरळ आकडे का नसतात?

क्राऊनला ४० आणि पिनियनला १० दात ठेवले तर पिनियनचा एक दात आयुष्यभर क्राऊनच्या त्याच चार दातांना भेटत राहील. एका दातावर बारीक दोष असला तर तो त्या चौघांनाच खाईल. ४१ आणि १० यांना समान भाजक नाही, त्यामुळे प्रत्येक दात बाकीच्या सगळ्यांना भेटून मगच परत येतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. म्हणून ४३/१० चा ४.३०, ४३/११ चा ३.९०९, ४०/११ चा ३.६३६, ४३/९ चा ४.७७८.

रेशो आखूड केला की गाडीची ताकद वाढते ना?

नाही. ताकद इंजिनात आहे आणि ती तेवढीच राहते. रेशोने बदलतो तो फक्त कुठल्या वेगाला कुठला गिअर लागणार एवढा नकाशा.

हे लोकांना पटत नाही, कारण ४.१० वरून ४.३० वर गेल्यावर प्रत्येक गिअरमध्ये गाडी सुमारे ५ टक्के जास्त ओढते आणि ते बुडाला जाणवतं. पण तो गिअर ५ टक्के लवकर संपतोही. माझ्या गाडीचा तिसरा गिअर १.३३० चा आहे, चौथा १.००० चा. ४.१० ला तिसरा ताशी १३८ किमीपर्यंत जातो, ४.३० ला १३१ पर्यंत. आता १३१ ते १३८ हा पट्टा घ्या. ४.१० वाला अजून तिसऱ्यात आहे, म्हणजे एकूण गुणाकार १.३३ × ४.१० = ५.४५. ४.३० वाला चौथ्यात गेलाय, त्याचा गुणाकार फक्त ४.३०. म्हणजे त्या सात किलोमीटरच्या पट्ट्यात ‘लांब’ रेशोवाल्याचा गुणाकार २७ टक्क्यांनी जास्त. इंजिन मिनिटाला ७००० फेऱ्यांच्या जवळ थोडं दमलेलं असतं, त्यामुळे प्रत्यक्षात फरक तेवढा राहत नाही, पण बाजू त्याचीच वरचढ. शिवाय दुसऱ्याने गिअर बदलण्यात क्षणभर शून्य ओढ घेतली, ते वेगळंच.

तेव्हा ‘आखूड म्हणजे जलद’ हे अर्धसत्य आहे. कुठल्या पट्ट्यात जलद आणि कुठल्यात मंद हे विचारायचं. आणि तुमच्या ट्रॅकवर गाडी कुठल्या पट्ट्यात जास्त वेळ असते, हे त्याच्याही आधी विचारायचं.

मग ठरवायचं कसं?

आधी एक गोष्ट सोडा. सगळे टॉप स्पीडपासून सुरुवात करतात. मोठ्या सरळ रस्त्याच्या टोकाला शेवटच्या गिअरमध्ये रेड लाइन, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांची मर्यादा, लागली की झालं, असा समज आहे. बऱ्याच फॉर्म्युला गाड्यांमध्ये प्रत्येक गिअर वेगळा बदलता येतो, तिथे तेवढं पाहून भागतं. आपल्याकडे पाच गिअरचा ठरलेला संच आहे आणि आपण तो सगळाच्या सगळा एकदम वर किंवा खाली सरकवतोय. तेव्हा खरे प्रश्न दोनच: प्रत्येक महत्त्वाच्या वळणातून बाहेर पडताना इंजिन किती फेऱ्यांवर असेल, आणि पुढच्या ब्रेकिंगच्या आत किती वेळा गिअर टाकावा लागेल.

सूत्र असं. वेग = इंजिनचे मिनिटाला फेरे × चाकाचा परीघ मीटरमध्ये × ६० ÷ १००० ÷ गिअर ÷ रेशो. परीघ टायरच्या साइझवरून काढू नका. टायरला खडूची खूण करा, गाडीत स्वतः हेल्मेट घालून बसा, दोघांना हळू ढकलायला लावा, चाकाच्या तीन फेऱ्यांचं अंतर टेपने मोजा आणि तीनने भागा. २०५/५० आर १५ टायरचा कागदावरचा परीघ १.८४ मीटर येतो. माझा भरला १.७९. वजनाखाली टायर दबतो, त्याचा हा फरक. त्या आकड्याने माझं कोष्टक ७००० फेऱ्यांना असं येतं, वेग ताशी किमीत:

३.६३६: तिसरा १५५, चौथा २०७
३.९०९: दुसरा १०२, तिसरा १४५, चौथा १९२
४.१०: दुसरा ९७, तिसरा १३८, चौथा १८३
४.३०: दुसरा ९३, तिसरा १३१, चौथा १७५
४.७७८: दुसरा ८३, तिसरा ११८, चौथा १५७

हे कागदावर मांडून शेजारी ट्रॅकचा नकाशा ठेवायचा आणि प्रत्येक वळणाचा किमान वेग आणि प्रत्येक सरळ भागाचा कमाल वेग लिहायचा. फोनवरच्या जीपीएस ॲपनेही काम भागतं. नसेल तर डॅशबोर्डकडे तोंड करून कॅमेरा लावा, टॅकोमीटर दिसला म्हणजे झालं.

एखादं खरं उदाहरण?

लगुना सेका. ३.६०२ किमीचा, ११ वळणांचा ट्रॅक. शेवटचं अकरावं वळण सगळ्यात मंद, माझा वेग तिथे ७० च्या आसपास. त्यानंतर मुख्य सरळ भाग, आणि दुसऱ्या वळणाच्या ब्रेकिंगला मी १६० ला असतो. दुसरी महत्त्वाची जागा म्हणजे सहावं वळण. तिथून रस्ता चढत चढत थेट कॉर्कस्क्रू या तीव्र उताराच्या वळणांच्या माथ्यापर्यंत जातो. सहाव्यातून मी १०५ ला बाहेर पडतो आणि माथ्यावर १३६ ला पोचतो.

कुणाचं तरी ऐकून मी एकदा ४.३० बसवला. अकराव्या वळणातून गाडी अशी सुटायची की मजा वाटायची. लॅपटाइम पाहिला तर सेकंदाच्या दोन दशांशाने वाईट. आधी वाटलं टायर गेले असतील. मग व्हिडिओ लावला आणि चढावर टॅकोमीटरकडे पाहिलं. १३१ ला काटा लाल पट्टीत, मी चढ चढता चढता चौथा टाकतोय, गाडी मरगळतेय, आणि जेमतेम दोन सेकंदांनी ब्रेक मारून खाली परत दुसऱ्यात येतोय. ४.१० ला तो अख्खा चढ तिसऱ्या गिअरमध्ये जातो, माथ्यावर ६९०० फेरे. ताशी पाच किलोमीटरसाठी मी गिअर टाकत होतो. अकराव्या वळणात कमावलेलं चढावर घालवलं, वर व्याज दिलं. ४.३० काढून परत ४.१० बसवला. हाती आलं काय, तर नवीन सील आणि मोडलेली पाठ.

आता ४.७७८ चा विचार करा, कारण तोही प्रश्न येतोच. अकराव्या वळणात तिसऱ्या गिअरमध्ये राहिलं तरी ४१०० फेरे मिळतात, म्हणजे दुसऱ्यात यायची गरजच नाही, एक डाउनशिफ्ट वाचला. ऐकायला छान. पण ४.७७८ चा तिसरा म्हणजे गुणाकार ६.३५, आणि माझा सध्याचा दुसरा ७.७४. म्हणजे ओढ १८ टक्के कमी. वर १५७ ला चौथा संपतो आणि मला तर १६० हवेत. वेगळ्या, जास्त आखडलेल्या ट्रॅकवर तो मस्त चालेल. माझ्या ट्रॅकवर नाही.

टायर बदलून रेशो बदलता येतो का?

येतो, आणि तो सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. २०५/५० आर १५ चा व्यास ५८६ मिमी, १९५/५० आर १५ चा ५७६. दहा मिलिमीटरचा फरक म्हणजे १.७ टक्के, जणू ४.१० चा ४.१७ झाला. गंमत म्हणजे टायर नवा असताना आणि घासून गुळगुळीत झाल्यावर व्यासात जवळजवळ तेवढाच फरक पडतो. तेव्हा एखाद्या सरळ भागाच्या टोकाला लिमिटर (इंजिनच्या फेऱ्या रोखणारा) चुटपुटतं लागत असेल तर डिफरन्शियल खोलण्याआधी टायरकडे बघा.

सहा गिअरचा बॉक्स असेल तर?

मियाटाच्या सहा गिअरच्या बॉक्समध्ये पाचवा १.०० चा असतो आणि खालचे गिअर आखूड असतात. त्याला ४.३० लावलात तर पहिला गिअर फक्त पार्किंगमधून बाहेर पडायला उरतो. त्यामुळे कंपनीनेही त्याला ३.९०९, काही ठिकाणी ३.६३६ दिला. टर्बो लावलेले लोक ३.६३६ वर जीव टाकतात आणि ते बरोबर आहे. टॉर्क भरपूर असला की आखूड गिअरचा उपयोग फक्त चाकं जागेवर फिरवायला होतो.

रेशो बदलताना एलएसडी पण टाकावा का?

एलएसडी म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, एकच चाक मोकळं फिरू न देणारं. रेशो आणि एलएसडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण घर एकच. रेशो ठरतो क्राऊन-पिनियनवर. दोन चाकांत ओढ कशी वाटायची हे ठरतं क्राऊन ज्यावर बसतो त्या मधल्या पिंजऱ्यात. तुमचं डिफरन्शियल साधं, उघडं असेल आणि वळणातून निघताना आतलं चाक मोकळं फिरत असेल, तर खरं दुखणं तिथे आहे. रेशो आखूड केलात तर ते चाक अजून जोरात मोकळं फिरेल, इतकंच. आधी एलएसडी. आणि क्राऊन काढून ठेवलेलाच असेल तर तेव्हाच पिंजरा बदला, मजुरी एकदाच लागते. अमेरिकेतल्या १९९४ नंतरच्या मियाटांमध्ये टॉर्सन, म्हणजे गिअरांवर चालणारा एलएसडी, मिळायचा, तो ट्रॅकला चांगला. क्लचपट्ट्यांचा एलएसडी वेगळा, त्याला तेलात फ्रिक्शन मॉडिफायर लागतो, टॉर्सनला लागत नाही.

माझ्या गाडीत आत्ता कोणता रेशो आहे, हे न खोलता कसं कळेल?

मागची दोन्ही चाकं घोड्यांवर (स्टँडवर) घ्या, गिअर न्यूट्रल. प्रोपेलर शाफ्टवर आणि चाकावर खडूची खूण. एलएसडी असेल तर दोन्ही चाकं मिळून एक फेरी द्या आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजा. चार आणि थोडं म्हणजे ४.१०. दहा फेऱ्या द्याल तर ४१ की ४३ हेही स्वच्छ कळतं. डिफरन्शियल उघडं असेल तर एक चाक धरून ठेवा आणि दुसऱ्याला वीस फेऱ्या द्या, कारण एक चाक अडवलं की क्राऊन अर्धाच फिरतो. हे विसरून एका मित्राने ‘माझा रेशो २.०५ आहे’ असं सांगत मला रात्री फोन केला होता.

पूर्ण डिफरन्शियल बदलावं की नुसतं क्राऊन-पिनियन?

शक्य असेल तर पूर्ण. भंगारातल्या गाडीतून योग्य रेशोचं अख्खं मुंडकं मिळालं आणि त्याचा आवाज नसेल, तर कारखान्यात केलेली सेटिंग जशीच्या तशी आपल्या पदरात पडते. अर्ध्या दिवसाचं काम. मियाटात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलला जोडणारी एक लांब ॲल्युमिनियमची चौकट असते, ती सोडवताना गिअरबॉक्सखाली जॅक लावा, नाहीतर तो मागून लोंबकळतो.

एक खबरदारी. १.६ लिटरच्या सुरुवातीच्या गाड्यांचा क्राऊन सहा इंची आणि १.८ वाल्यांचा सात इंची. सहा इंचीवाला ट्रॅकवर नाजूक. म्हणून १.६ वाले लोक सात इंची टाकतात, पण मग ॲक्सल शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्टही १.८ चेच लागतात. नुसतं मुंडकं विकत घेऊन अंगणात बसलेले दोन जण माझ्या ओळखीचे आहेत.

क्राऊन-पिनियन घरी बसवता येईल का?

हात बसलेला असेल, डायल गेज आणि प्रेस असेल, तर येईल. पण हे ब्रेक पॅड बदलण्यासारखं काम नाही. तीन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात.

पहिली म्हणजे पिनियनची खोली. पिनियनच्या डोक्यामागे शिम, म्हणजे पातळ चकती, असतो, त्याने पिनियन क्राऊनच्या किती जवळ येतो ते ठरतं. दुसरी, पिनियन बेअरिंगचा प्रीलोड. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक पातळ नळी असते, नट आवळला की ती चिरडते आणि बेअरिंगवर ठरावीक दाब बसतो. तिसरी, बॅकलॅश, म्हणजे पिनियन धरून ठेवला तर क्राऊन किती हलतो. माझ्या गाडीत हा एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असावा लागतो. केसापेक्षा फार जाड नाही.

मग येतो रंग. काका प्रशियन ब्ल्यू वापरायचे, मी पिवळी पेस्ट वापरतो. क्राऊनच्या चार-पाच दातांना दोन्ही अंगांना पातळ लावायची, क्राऊनला लाकडाचा तुकडा दाबून धरून थोडा अडथळा द्यायचा आणि पिनियन फिरवायचा. पेस्टमध्ये जिथे दात घासला तिथे बदामासारखा ठसा उमटतो. तो दाताच्या उंचीच्या मधोमध हवा. ठसा दाताच्या बुंध्याशी आला तर पिनियन फार आत गेलाय, शिम पातळ करा. शेंड्याला आला तर पिनियन बाहेर राहिलाय, शिम जाड करा. ठसा दाताच्या लांबीत एका टोकाला सरकला असेल तर आधी बॅकलॅश बघा. एक शिम बदलायचा म्हणजे बेअरिंग प्रेसने काढायचं, परत बसवायचं, परत रंग. मी पहिल्या वेळी सात वेळा केलं. जाणकार माणूस तीन वेळांत संपवतो आणि त्याचे तो पैसे घेतो ते योग्यच आहे.

आणखी दोन. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, दोघांवर एकच खुणेचा नंबर असतो. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन कधीही नाही. आणि क्राऊनचे बोल्ट नवे घ्या, थ्रेडलॉकर लावून टॉर्क रेंचनेच आवळा. क्राऊन बसत नसेल तर हातोडा नको. ओव्हनमध्ये शंभर अंशांपर्यंत गरम करा, अलगद बसतो. घरच्या ओव्हनबद्दल घरी आधी विचारा.

तुमचं कधी बिघडलं का?

हो, आणि चूक माझीच होती. रात्रीचे अकरा, दुसऱ्या दिवशी ट्रॅक. पिनियनचा नट आवळताना अगदी शेवटी हात जास्त गेला. प्रीलोड मोजायला काका पिनियनच्या फ्लँजला सुतळी गुंडाळून तिला ताणकाटा लावायचे. माझ्याकडे छोटा टॉर्क रेंच होता, तो हवं त्याच्या दुप्पट दाखवत होता. योग्य उपाय एकच असतो, सगळं खोलायचं आणि नवी नळी टाकायची. नवी नळी घरात नव्हती. मी नट पाव फेरी सैल केला. रेंचने बरोबर आकडा दाखवला, मी झोपायला गेलो.

त्या नळीला परत उसळायची सवय नसते. एकदा चिरडली की चिरडली. नट सैल केला की आतली बेअरिंगं धरून ठेवणारा दाबच निघून जातो आणि पिनियन दर वेळी ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की मागेपुढे होतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सेशनला पाय उचलला की मागून भुंगा. तिसऱ्यात तोच भुंगा पाय दाबल्यावरही. खोललं तर बॅकलॅश दुप्पट, दातांच्या कडा निळ्या पडलेल्या, बेअरिंगच्या रिंगवर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. चार डॉलरची नळी वाचवली होती.

नवीन सेट बसवल्यावर लगेच ट्रॅकवर नेऊ का?

नाही. नव्या दातांवर पहिल्या तासात खूप उष्णता तयार होते. वीस मिनिटं सावकाश चालवा, मग पूर्ण थंड होऊ द्या, हात लावून बघा. असं तीनदा. त्यानंतर काहीशे किलोमीटर जोर न लावता, आणि मग तेल बदला. निघालेल्या तेलात बारीक चकाकी असणं ठीक, चुंबकाला टोचणारे कण चिकटले तर नाही. तेल ७५डब्ल्यू-९०, जीएल-५ दर्जाचंच. सात इंचीवाल्यात साधारण एक लिटर बसतं, सहा इंचीवाल्यात पाऊण लिटरही नाही. एवढ्याशा तेलाने अर्धा तास ट्रॅकचा मार खायचा असतो, म्हणून मी ते दर तीन-चार ट्रॅक दिवसांनी बदलतो. वरचं श्वासनळीचं छिद्र चिखलाने बुजलेलं असेल तर तेल सीलमधून बाहेर येतं आणि लोक उगाच सील बदलत बसतात.

आवाज आला तर कसा ओळखायचा?

फक्त पाय दाबल्यावर किंवा फक्त सोडल्यावर शिट्टी, तर दातांची जुळणी. दोन्ही वेळा घरघर आणि वेगाबरोबर वाढणारी, तर बेअरिंग. फक्त वळणात आवाज, तर पिंजऱ्याचे गिअर किंवा चाकाचं बेअरिंग. गिअर टाकताना ठक्क, तर बॅकलॅश जास्त आहे, नाहीतर डिफरन्शियलची मागची रबरं गेली.

स्पीडोमीटर चुकेल का?

माझ्या गाडीत चुकतो, कारण त्याची केबल गिअरबॉक्सच्या टोकाकडून निघते. त्यासाठी दुसऱ्या दातांचा प्लॅस्टिकचा छोटा गिअर मिळतो. चाकांवरच्या सेन्सरवर चालणाऱ्या नव्या गाड्यांत फरक पडत नाही. एबीएसलाही नाही.

याच गाडीने ऑफिसला जातो. चालेल?

ताशी १०५ ला पाचव्या गिअरमध्ये ४.१० ला ३२६० फेरे, ४.७७८ ला ३८००. मियाटात रेडिओ तसाही ऐकू येत नाही. पण हेही लक्षात घ्या, की आकडा जितका मोठा तितका पिनियन लहान, नऊ दातांचा, आणि म्हणून नाजूक. शिवाय ओव्हरड्राइव्हच्या, म्हणजे शाफ्टला इंजिनपेक्षा जास्त फिरवणाऱ्या, पाचव्यात ७००० पर्यंत गेलात तर प्रोपेलर शाफ्ट ८६०० फेऱ्यांनी फिरतो. शाफ्टचा तोल आणि जॉइंट तपासलेले हवेत.

माझी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे. पोलो, स्विफ्ट, सिटी वगैरे.

तुमचं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात आहे. रेशो बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवून खोलायचा, आउटपुट शाफ्टवरचा पिनियन आणि मोठा रिंग गिअर दोन्ही बदलायचे. चांगली बातमी ही, की हे तिरक्या दातांचे पण समांतर शाफ्टवरचे गिअर असतात, त्यांना वरचा रंगाचा खेळ नाही, बेअरिंगचे शिम तेवढे बरोबर हवेत. वाईट बातमी ही, की पार्ट मिळणं कठीण. आणि एकाच मॉडेलच्या गाड्यांच्या स्पर्धेत बहुधा गिअरबॉक्सला सील असतं, तिथे रेशोला हात लावलात तर निकालातून बाहेर. पाना उचलण्याआधी नियमावली वाचा.

भारतातल्या ट्रॅकसाठी कोणता रेशो?

एकच उत्तर नाही. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किमीचं, त्यात एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७१७ किमीचा. कोईम्बतूरचा करी मोटर स्पीडवे सुमारे दोन किमीचा. बुद्धला चालणारा रेशो करीवर गाडीला दुसऱ्या-तिसऱ्यात गुंतवून ठेवेल. वर्षातल्या बहुतेक शर्यती जिथे आहेत, तिथलं कोष्टक मांडा. कोल्हापुरात कार्ट चालवणाऱ्या पोरांना हे सांगावं लागत नाही. ती मागच्या स्प्रॉकेटचा एक दात वाढवून किंवा कमी करून दहा मिनिटांत दुसऱ्या सेशनला हजर. आपलं दुर्दैव की आपल्याला साखळी नाही.

दर ट्रॅकला रेशो बदलणारे लोक असतात ना?

असतात. अमेरिकेत मातीच्या गोल ट्रॅकवर पळणाऱ्या स्प्रिंट गाड्यांत ‘क्विक-चेंज’ डिफरन्शियल असतं. क्राऊन-पिनियन कायम तेच, पण मागच्या झाकणाआड दोन सरळ गिअरांची जोडी असते. झाकण काढायचं, जोडी बदलायची, झाकण लावायचं. तेल गळायच्या आत काम संपतं म्हणतात, तेवढं नाही, पण पंधरा-वीस मिनिटं पुरतात. आपल्यासारख्यांनी दोन पूर्ण मुंडकी तयार ठेवणं हाच त्यातला परवडणारा अवतार.

जुनं क्राऊन-पिनियन विकू का?

विकू नका. गिअर ऑइल चोपडा, दोन्ही एकाच तारेत बांधा, वर्तमानपत्रात गुंडाळा. शिमची जाडी आणि बॅकलॅशचा आकडा कागदावर लिहून त्याच पुडक्यात ठेवा. शिम तर नक्कीच ठेवा. माझं ४.३० चं पुडकं गॅरेजच्या वरच्या फळीवर आहे. वर मार्करने लिहिलंय: ‘दहा-त्रेचाळीस, चढ नसेल तर’.